बोर्तोलो काकांची सरळ नळी

बंदुका घडवणाऱ्या आमच्या गार्दोने गावात कुणाच्याही हाती बंदुकीची सुटी नळी द्या, तो आधी काय करेल ते मी डोळे मिटून सांगते. तो ती खिडकीकडे धरणार, एक डोळा मिटणार, आतून पाहणार आणि "हं" करणार. पाव विकणारी बाईसुद्धा हेच करते आणि चर्चमधले फादरसुद्धा. खिडकीच्या चौकटीची सावली नळीच्या आत रेघेसारखी पडते. रेघ जिथे मोडते तिथे नळी वाकलेली, एवढं साधं आहे ते. पण साधं म्हणून कुणी गप्प बसत नाही. वाकलेली दिसली की हात शिवशिवतात.

सगळ्यात जास्त शिवशिवतात ते बोर्तोलो काकांचे. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, नळ्या सरळ करायचं. दाबयंत्रात नळी आडवी ठेवायची, वरच्या चाकाला हलका झोका द्यायचा, पुन्हा खिडकी, पुन्हा झोका. निवृत्त होऊनही ते रोज सकाळी माझ्या वर्कशॉपमध्ये माझ्या आधी हजर असतात. जुनं दाबयंत्र त्यांनी कारखान्यातून भंगारात घेऊन माझ्याच कोपऱ्यात आणून ठेवलंय. वर्कशॉपची किल्ली त्यांच्याकडे आहे आणि ती परत मागायची माझी छाती नाही.

त्या शुक्रवारी मी आले तेव्हा ते शिट्टी वाजवत होते. तिथेच मला संशय यायला हवा होता, पण माझं डोकं दुसरीकडे होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लोंबार्दी प्रांताच्या नेमबाजी संघाची निवड होती आणि माझी धाकटी बहीण नीवेस तिथे नेम धरणार होती. दोन वेळा ती केसभराने हुकली. दोन्ही वेळा तिची रायफल शेवटच्या गोळ्यांना दगा देत होती, कारण काडतूस बसतं त्या घराच्या पुढचे, गोळीला फिरवणारे पीळ जळून खरखरीत झाले होते. यंदा प्रशिक्षकाने तोंडावर सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला मी तरुण मुली घेणार." म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर पोरांना पास्ता वाढणारी माझी बहीण, तिला या एका गोष्टीचा एवढा ध्यास होता की तिच्यासमोर हरण्याचं नाव काढायची सोय नव्हती.

उपाय एकच होता. नळीचा जळका मागचा भाग कापून टाकायचा, नवे आटे पाडायचे आणि रीमर नावाच्या दातेरी कोरणीने काडतुसाचं नवं घर कोरायचं. कापणं आणि आटे मी गुरुवारी संध्याकाळी केले होते. फार सुंदर झाले होते, माझं मीच सांगते. ही नळी पूर्वी एकदा कापून झालेली, त्यामुळे आता आणखी कापायला जागाच उरली नव्हती. शुक्रवारी सकाळी घर कोरायचं आणि बाराच्या आत चाचणीघरात पोचायचं. तिथे रायफल जास्त दारूच्या काडतुसाने झाडून बघतात आणि शिक्का मारतात, त्याशिवाय ती कुणाला वापरता येत नाही. शुक्रवारी बाराला त्यांची खिडकी बंद झाली की सोमवारीच उघडते.

मी नळी लेथवर चढवली. आट्यांवर डायल लावला, केसभर वाकडेपणाही सुईने दाखवणारं माप. सुई गप्प. मग डायलची लांब काडी नळीच्या भोकात घातली आणि नळी पकडणारा चक हाताने फिरवला.

सुई नाचायला लागली.

मला वाटलं, काडी नीट बसली नसेल. पुन्हा लावली. पुन्हा नाच. चक सोडला, पुसला, बांधला. आटे स्थिर, भोक डुलतंय! काल संध्याकाळी दोन्ही एका रेषेत होते, मी स्वतः पाहिलं होतं. घर कोरताना रीमर भोकाच्या रेषेत गेला पाहिजे आणि रायफलच्या अंगात नळी आट्यांवर बसते. दोघांची तोंडं दोन दिशांना असतील तर काडतूस तिरकं बसणार आणि गोळी निघतानाच वाकडी निघणार. रात्रीत लोखंडाला झालं तरी काय?

मागे शिट्टी थांबली.

"छान दिसतेय ना?" काका म्हणाले.

मी हळूच वळले. "काका, काय छान दिसतेय?"

"नळी गं. मागच्या बाजूला वीतभर अंतरावर वाकली होती. किंचितच, तुला दिसली नसती. सकाळी खिडकीत धरली आणि मला बघवेना. म्हटलं, आपल्या नीवेसची उद्या निवड आहे आणि पोरीने वाकड्या नळीने नेम धरायचा? दोन झोक्यांत काढली. आता बघ, सावली अशी पडते, जसा ताणलेला केस!"

त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. आणि मी, देव मला क्षमा करो, हातातली चकची किल्ली टेबलावर अशी आपटली की तेलाचा डबा उलटला.

"काका! मी काल सगळे आटे जुन्या भोकाला धरून पाडलेत! जुन्या! वाकड्या! ती वाकडी होती म्हणून मी आटे तिच्या तोंडाशी जुळवून घेतले होते! आता तुम्ही भोक सरळ केलंत आणि आटे तिथेच राहिले!"

"मग आटे पुन्हा पाड."

"कशावर पाडू, माझ्या डोक्यावर? कापायला जागा कुठे आहे?"

त्यांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते खुर्चीत बसले. म्हणजे त्यांना कळलं. त्यांना नळीबद्दल काहीही सांगायला दुसरं वाक्य लागत नाही.

नेमकी तेव्हा नीवेस आत आली. शाळेत सुट्टी टाकून आली होती, हातात गरम पावांची पिशवी आणि डोळ्यांत ती उद्याची चमक. मी तिला सगळं एका दमात सांगितलं, मध्ये मध्ये काकांकडे बोट दाखवत. वाटलं होतं रडेल. ती पिशवी खाली ठेवून काकांसमोर उकिडवी बसली.

"काका, परत वाकवा."

"काय?"

"जशी होती तशी. तुमच्याच हाताने गेलीय, तुमच्याच हाताने येईल."

काकांनी दोन्ही हात मांडीखाली सारले, जसे लहान मूल खोडी लपवताना सारतं. "नाही गं पोरी. मला येत नाही ते."

"तुम्हाला येत नाही? या खोऱ्यात तुमच्याएवढं कुणाला..."

"सरळ करायला येतं. सरळ म्हणजे कुठे थांबायचं ते सावली सांगते. वाकडं करताना मला कोण सांगणार, आता पुरे म्हणून? मी आयुष्यात एक नळी वाकवलेली नाही, नीवेस."

घड्याळाचा काटा चालत होता. मी लेथभोवती फेऱ्या मारत होते आणि तोंडाने जे बाहेर पडत होतं ते लिहिण्यासारखं नाही.

"थांब जरा, डेल्फी," नीवेस म्हणाली. "ही नळी मी किती वर्षं चालवतेय? तापली की ती काय करते ते मला ठाऊक आहे. थंड असताना जिथे असते तिथेच राहते. कधी इकडेतिकडे गेली नाही. शेजारच्या मार्तिनाच्या रायफलीचं तसं नाही. तिची नळी मागे कुणीतरी दाबून सरळ केलेली. दहा गोळ्या झाल्या की तिचे नेम डावीकडे पळायला लागतात. नळी तापते आणि तिला तिची जुनी जागा आठवते."

मी थांबले. "म्हणजे तापवायची?"

"तापवायची!"

"अगं, गोळ्या झाडायला घर कुठे आहे तिला?"

आणि मग आम्ही दोघींनी एकदमच मागच्या दाराकडे पाहिलं. शुक्रवार! शुक्रवारी माझ्याकडे नळ्यांना काळा रंग चढवायचं काम असतं आणि मागच्या पडवीत लांबलचक कढईत सकाळपासून पाणी खळखळत असतं. मी ओरडलेच. नीवेसने माझ्या पाठीत धपका घातला. काका मात्र खुर्चीतून उठले नाहीत.

"उकळून काही होणार नाही," ते म्हणाले. "माझ्या हातची नळी परत जात नाही."

"काका, ती परत गेली तर नीवेस उद्या खेळेल."

"ते मला समजतंय. मीसुद्धा तिचाच काका आहे. पण नाही जात. उगाच पोरीला आशा लावू नकोस."

आम्ही नळीला पुढून-मागून लाकडी बुचं मारली, तारेने बांधली आणि कढईत सोडली. चांगली तापू दिली, बाहेर काढून लाकडी हातोडीने अंगभर ठोकली, वाऱ्यावर धरली, नीवेस तिला माझ्या एप्रनने वारा घालत होती. मग पुन्हा लेथ, आटे स्थिर, डायल भोकात. चक फिरवताना माझी बोटं घामाने घसरत होती.

"सांग ना!" नीवेस कानाशी किंचाळली.

"अर्ध्यावर आली! नीवेस, सुई अर्ध्यावर आली!"

आम्ही दोघी चाळिशीच्या बायका त्या तेलकट फरशीवर पोरींसारख्या उड्या मारत होतो. मग मला काका दिसले. ते उठून लेथपाशी आले होते. त्यांनी चष्मा लावला आणि सुईकडे बघितलं. मी चक सावकाश एक फेरा फिरवून दाखवला. त्यांनी दाबयंत्राकडे एकदा पाहिलं, घरातल्या माणसाने फसवलं की आपण पाहतो तसं.

दुसऱ्यांदा उकळली. सुई आणखी खाली आली, पण थोडा नाच राहिलाच. एवढासा. पण या कामात एवढासाही फार असतो.

तेवढ्यात माझ्याच धंद्यातला एर्मेस आला. रीमर त्याचा, मी उसना आणलेला, आणि तो स्वतःच्या बायकोपेक्षा त्या रीमरला जपतो.

"अजून सुरुवातच नाही?" तो म्हणाला. "आणि हे काय, रीमरला सैल धारक लावणार? घट्ट धर त्याला, डेल्फिना! लेथच्या मागच्या टोकाला, टेलस्टॉकमध्ये आवळून टाक. डुलणारा रीमर म्हणजे दारू प्यायलेला नवरदेव."

"आणि घट्ट धरलेला म्हणजे तुझ्यासारखा हट्टी नवरदेव. वाट कुठे आहे ते बघत नाही, सरळ भिंतीत घुसतो."

या एका विषयावर गार्दोनेत भाऊ भावाशी बोलायचे थांबले आहेत. माझं मत ठरलेलं आहे. रीमर म्हणजे काडतुसाच्याच आकाराची दातेरी पोलादी कांडी. तिच्या टोकाला गुळगुळीत खुंटी असते, ती भोकात शिरते आणि दात्यांना वाट दाखवते. रीमरला किंचित डुलायची मोकळीक दिली तर तो खुंटीचं ऐकतो. आवळून टाकला तर तो लेथचं ऐकतो आणि लेथ म्हातारा आहे.

"भांडू नका," काका म्हणाले. सुई उतरल्यापासून पहिल्यांदाच बोलले. "अजून एकदा उकळा. या वेळी मी ठोकतो."

नळी बाहेर आली तेव्हा वाफ निघत होती. काकांनी हातमोजे घातले, ती मांडीवर आडवी घेतली आणि डोळे मिटून अंगठा फिरवत गेले. एका जागी अंगठा थांबला. तिथेच सकाळी त्यांनी दाब दिला होता. लाकडी हातोडीने त्यांनी तिथे टकटक सुरू केली, हलकी, दार वाजवल्यासारखी. मध्येच पुटपुटले, "जा बाई. जा तुझ्या घरी." एर्मेससुद्धा टोपी काढून उभा राहिला. त्याला काही माहीत नव्हतं, तरी.

नळी गार झाली. लेथवर चढली. मी चक फिरवला.

सुई गप्प होती. आट्यांवर गप्प, भोकात गप्प. मी तीनदा फिरवला, नीवेसने फिरवला, एर्मेसने फिरवला. गप्प!

"आता पळा!" मी म्हणाले. साडेदहा वाजून गेले होते.

रीमरला तेल पाजलं. लेथ सगळ्यात कमी वेगावर. धारक तळहातात धरला, घट्ट नाही, नुसता आधाराला. खुंटी भोकात शिरली ती अशी, की मला हाताला काही लागलंच नाही. मग दाते लागले. पोलादाचा बारीक किस तेलात उतरायला लागला. थोडं आत जायचं, बाहेर काढायचं, किस पुसायचा, तेल, पुन्हा आत. हातातून एक गुळगुळीत कुजबुज येत होती आणि मला आनंदाने गुदगुल्या होत होत्या. या कामात एक क्षण असतो, रीमर आणि नळी एकमेकांना ओळखतात. तो क्षण आला की आपण फक्त मध्ये यायचं नाही.

अकरा वाजले. सव्वाअकरा. नीवेस घड्याळाकडे बघत नव्हती, पण तिच्या श्वासावरून मला वेळ कळत होती. मी जरा दाब वाढवला.

"तर्रर्र."

दाते थरथरायला लागले की घराच्या भिंतीवर वळ उठतात आणि एकदा उठले की पुढचा प्रत्येक दाता त्याच वळांवर नाचतो. मी झटकन रीमर बाहेर ओढला.

"सांगितलं होतं, घट्ट धर!" एर्मेस गरजला.

"तू गप्प बस!" हे आम्ही तिघं एकदम म्हणालो.

बॅटरी मारून आत पाहिलं. वळ होते, पण पुसट, नुसते उठायला लागलेले. अजून कोरायचं बाकी होतं, त्यात ते निघून जाण्यासारखे होते. पण निघतील का वाढतील?

नीवेस पुढे आली. पावांच्या पिशवीतला मेणकागद तिने टराटरा फाडला. "याची एक पट्टी गुंडाळ दात्यांवर. मागे बाबा करायचे, आठवतं? दात्यांना गादी मिळते."

मी कागद तेलात बुडवून रीमरवर गुंडाळला. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाई करू नकोस पोरी. चाचणीघरापर्यंत मी धावेन, तू नको धावू."

रीमर आत गेला. एक क्षण काहीच आवाज नाही. मग कुजबुज. तीच गुळगुळीत कुजबुज! कागदाचे तुकडे किसाबरोबर बाहेर यायला लागले. पुन्हा कागद, पुन्हा आत. बॅटरी मारली तर घराच्या भिंती आरशासारख्या होत्या. मापाचं काडतूस घातलं आणि ते असं आत सरकलं की मला रडूच फुटलं. एर्मेस नाक शिंकरत म्हणाला, "धारक सैल होता तरी जमलं म्हणायचं."

नळी रायफलीत बसवली, आवळली, माप पुन्हा पाहिलं. बाराला दहा मिनिटं कमी. आणि खरंच, बोर्तोलो काका धावले. मी, नीवेस आणि एर्मेस मागे, रस्ताभर लोक दुकानांच्या दारात येऊन बघत होते. खिडकीतला माणूस झडप खाली ओढतच होता. काकांनी त्या झडपेखाली हात घातला.

"अहो आजोबा, बोटं जातील!"

"जाऊ देत. आता त्यांचं काम राहिलेलं नाही."

त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्याने झडप वर केली. दुपारी नळीवर शिक्का उठला.

शनिवारी दुपारी मैदानावर ऊन होतं. नीवेस पालथी पडली, गालाला रायफल लावली आणि मग आमच्यासाठी जगात उरलीच नाही. मी दुर्बिणीतून बघत होते. पहिल्या दहा गोळ्या मधोमध. पुढच्या दहाही मधोमध. नळी तापायला लागली, वरची हवा थरथरताना दिसत होती. आता कळणार होतं. नळीत काकांच्या झोक्याचं काही उरलं असेल तर ते आत्ता बाहेर येणार आणि नेम पळणार. एकेक गोळी आणि एकेक भोक, आणि प्रत्येक भोक आधीच्या भोकात. शेवटच्या दहा गोळ्यांचा कागदावर एकच फाटका गोल झाला, माझ्या अंगठ्याएवढा. नीवेस उठली तेव्हा तिला स्वतःला माहीत होतं. प्रशिक्षक गुण वाचेपर्यंत ती थांबलीसुद्धा नाही, दोन्ही हात वर करून आमच्याकडे धावत सुटली, आणि वाटेतच बाकीच्यांनी तिला गराडा घातला. नाव पुकारलं गेलं ते माझ्या किंचाळण्यात कुणालाच ऐकू गेलं नाही.

काका कठड्यापाशी उभे होते. टाळ्या वाजवत होते, डोळे भरलेले, पण नजर रायफलीवर.

"तापली आणि हलली नाही," ते म्हणाले.

"नाही हलली, काका."

"म्हणजे माझं तिच्यात काही उरलं नाही. सगळं परत गेलं. डेल्फिना, मी जन्मभर सरळ करून पाठवल्या त्या नळ्या. त्या कुणीतरी झाडल्या असतील, तापल्या असतील. त्यांचं काय झालं असेल गं?"

काल सकाळपासून मी या माणसावर एवढी भडकले होते की त्याच्याकडून वर्कशॉपची किल्ली काढूनच घ्यायची असं ठरवलं होतं. आता म्हणावंसं वाटलं, तुमच्या हातच्या नळ्या कधी हलणार नाहीत. पण आमच्या खोऱ्यात माणसं देवाशी, नवऱ्याशी आणि करखात्याशी खोटं बोलतात, नळीबद्दल मात्र कुणी खोटं बोलत नाही.

"अर्ध्या गेल्या असतील परत," मी म्हणाले.

काकांनी मान डोलावली. हिशेब करत असल्यासारखी. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि छाती काढली.

"म्हणजे अर्ध्या राहिल्या," ते म्हणाले, आणि गराड्यातून सुटून धावत येणाऱ्या नीवेसला कवेत घ्यायला पुढे झाले.